ओमानचा जबल शम्स एका दिवसात: बेळगावच्या पायांना जमेल काय?

येळ्ळूरवाट | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी वडगावचा. पोटाला माग आणि रविवारला डोंगर, असं गेली वीस वर्षं चाललंय. राजहंसगड इतक्यांदा झालाय की वाटेतली कुत्री आता मान पण वर करत नाहीत. वैजनाथ, महिपालगड, कलानिधीगड, पारगड, जांबोटी-कणकुंबीकडचं रान, असं आमचं आजवरचं भांडवल.

मामेभाऊ मस्कतला नोकरीला असतो. डिसेंबरात आम्ही तिघं त्याच्याकडं जायलोय आणि त्याच्या डोक्यात जबल शम्स बसलाय. ओमानमधला सगळ्यात उंच डोंगर, तीन हजार मीटरच्या जरा वर. पहाटे चढायचं आणि अंधाराच्या आत खाली यायचं.

अडचण अशी की आमचं सगळं शिक्षण ओल्या डोंगरात झालंय. तहान लागली तर टाकं, नाहीतर झरा, नाहीतर धनगरवाडा. कुणाच्या सोप्यात जाऊन टेकलं की तांब्याभर ताक येतंच. तिथं असलं काही नाही म्हणे. तर पाणी माणशी किती घ्यायचं, आणि इथं बेळगावात राहून सराव कसा करायचा, एवढं सांगा. गुगल मलाही येतंय, गेलेल्या माणसाचं पाहिजे.

कडकभाकरी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०२

उंट ठरवला काय?

सराव सोपा आहे ओ. दुपारी एकला अथणीत रस्त्याकडंला तासभर उभं राहायचं. सावली सापडली तर नापास.

मस्कतचा पाव्हणा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी मूळचा निपाणीचा, मस्कतात नववं वर्ष. शम्सला दोनदा गेलोय, एकदा पूर्ण, एकदा अर्धवट.

आधी एक गैरसमज काढतो. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू येते. शम्सवर मूठभर वाळू मिळायची नाही. नुसती चुनखडी, आणि तीही करवतीच्या दात्यासारखी झिजलेली. हात टेकला तर सोलतोय. हा सगळा डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होता, दगडात शिंपले दिसतात. आपल्याकडच्या काळ्या दगडावर बूट कसा धरून राहतो, तसाच इथं पण राहतो, खरं तळव्याचं आयुष्य निम्मं होतं.

शिखरं दोन आहेत. उत्तरेकडचं जास्त उंच, त्यावर लष्कराचा तळ. तिकडं जायचं नाही आणि कॅमेरा पण रोखायचा नाही. लोक जातात ते दक्षिण शिखरावर, २,९९७ मीटर. वाटेला डब्ल्यू-४ म्हणतात. दगडांवर पिवळा, पांढरा आणि तांबडा असे तीन पट्टे रंगवलेत, ते बघत जायचं. सुरुवात पठारावरून, साधारण १,९०० मीटरवरून. म्हणजे सरळ हिशोबानं अकराशे मीटर चढ. खरं मधे उतरून परत चढायला लागतं, ते धरलं की जास्त. जाऊन-येऊन अठरा ते वीस किलोमीटर. धडधाकट माणसाला नऊ-दहा तास.

डब्ल्यू-६ ही वाट वेगळी. ती दरीच्या कडेकडेनं अस-साब नावाच्या ओसाड गावापर्यंत जाते, जवळजवळ सपाट. खाली हजार मीटर खोल दरी, देखणी आहे, जरूर करा. खरं ती करून येऊन 'शम्स केला' म्हणणारे आमच्या मस्कतात ढिगानं आहेत, त्यांतले होऊ नका.

वाटेवर पाणी: नाही. झरा नाही, टाकं नाही, टपरी नाही. माणशी पाच लिटर घ्या, डिसेंबर असला तरी.

आणि हे नीट वाचा. डिसेंबरात तिथं सूर्य साडेपाचच्या सुमाराला बुडतो. आपल्याकडं सहा वाजून जातात, त्या हिशोबानं गेलात तर फसाल.

सुळग्याची सून | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

वाचनखूण साठवली. पाच लिटर म्हणजे पाच किलो की ओ पाठीवर! वर जेवण, स्वेटर, बॅटरी. आम्ही वैजनाथला जाताना दोघांत मिळून एक बाटली नेतो आणि तीही वर जाऊन भरतो.

चिकोडीची डॉक्टरीण | १५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

पाच लिटर जास्त नाहीत. कारण सांगते.

आपल्याकडं पावसाळी हवेत घाम अंगावर राहतो, शर्ट चिकटतो, म्हणून माणसाला कळतं की आपण भिजलोय. कोरड्या हवेत घाम आला की लगेच उडतो. अंग कोरडं, वारा गार, मग वाटतं की घाम येतच नाही. येत असतो. शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठतात तेव्हा समजतं. तहान लागायची वाट बघू नका, आणि लघवीचा रंग बघत जा. गडद पिवळी झाली की तुम्ही मागं पडलाय.

उलट चूकही लोक करतात. नुसतं साधं पाणी ढोसत राहतात. घामातून मीठ जातं आणि वरून पाणी भरलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, मग गोंधळल्यासारखं होणं. हे पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून निदान दोन लिटर तरी ओआरएसचं न्या. साडेवीस ग्रॅमची पुडी एक लिटरात. अर्धी पुडी ग्लासात, असले प्रयोग नकोत. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. रक्तदाब किंवा किडनीचं काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

उंचीचं म्हणाल तर अडीच हजार मीटरच्या वर काहीजणांचं डोकं धरतं. मस्कत समुद्रावर आहे, तिथून उठून एका दिवसात तीन हजार गाठण्यापेक्षा आदल्या रात्री पठारावर झोपा. आणि टोपी कान झाकणारी. हजार मीटर चढलं की अतिनील किरणं दहा टक्क्यांनी वाढतात. गार वाटतंय म्हणून ऊन कमी आहे असं नाही.

रामदुर्गची माहेरवाशीण | १६ नोव्हेंबर, दुपारी २:२०

सरावाबद्दल बोलते. तुम्ही सगळे बेळगावच्या पश्चिमेला बघताय, जरा पूर्वेला बघा की. कणकुंबीला पाऊस थांबायची वाट बघतात आणि आमच्याकडं यायची. जिल्हा एकच! सौंदत्तीला परसगडावर दुपारी चढा. तांबूस वालुकाश्म, खुरटी काटेरी झुडपं, खाली नविलतीर्थला मलप्रभेनं डोंगर कापून काढलेली खिंड. सावली नावाला नाही. यल्लम्माच्या दर्शनाला येऊन माघारी जाणारे लाखो लोक, त्यांतलं कुणी तिकडं फिरकत नाही.

येळ्ळूरवाट | ३० नोव्हेंबर, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. परसगड झाला. अकराला चढायला लागलो, दोनला खाली.

एक प्रयोग केला तो डॉक्टरीणबाईंना सांगायचाय. कारखान्यात सूत तोलायचा काटा आहे, दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो. आमच्या एका गड्यानं 'माणसाला पण तोला की मालक' म्हणून चेष्टा केली आणि ती डोक्यात राहिली. काटा गाडीत घालून नेला. चढायच्या आधी मी ७१ किलो ४००. खाली आल्यावर ७० किलो ३००, आणि मधे एक लिटर पाणी पोटात गेलेलं. म्हणजे तीन तासांत दोन लिटर शंभर मिली गेलं. शर्ट तर कोरडा होता! सोबतच्या दोस्ताचं पावणेतीन लिटर. त्यानं प्यायलं होतं अर्धा लिटर.

मग पाच लिटरचा विषय तिथंच मिटला.

चिकोडीची डॉक्टरीण | ३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

शाब्बास. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पेशंटांनी असा काटा वापरला असता तर माझं काम हलकं झालं असतं. आता तो दोस्त. त्याला सांगा, तास झाला की घोट नाही, पाव लिटर. त्याच्या पोटऱ्यांकडं लक्ष ठेवा, आधी त्याच ओढणार.

भालकीकर | १ डिसेंबर, सकाळी ८:१०

थोडं अवांतर. जाताना निझव्यात थांबणार असाल तर फलज बघा. डोंगरातल्या पाण्याचा उगम धरून, कुठं जमिनीखालून तर कुठं उघड्या पाटानं, नुसत्या उतारावर गावापर्यंत पाणी आणलेलं. असले पाच फलज २००६ साली जागतिक वारसा यादीत गेले, निझव्याचा दारिस त्यातलाच. पाण्याचे वाटे वेळेवर ठरतात, दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर. आपल्याकडं उसाला पाण्याची पाळी असते तीच गोष्ट, फक्त रात्री दोनला मोटार चालू करायला जायला नको.

आमच्या बिदरला नौबादजवळ बहमनी काळातली कारेझ आहे, तीच कल्पना. बिदरची माणसं ती न बघता ओमानला जाऊन फलजाचे फोटो टाकतात, हा टोमणा घरच्यांना आहे, तुम्हाला नाही.

येळ्ळूरवाट | ७ जानेवारी, रात्री ११:१०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

मस्कतहून सकाळी निघालो, निझवा, अल हमरा करत दुपारी पठारावर. शेवटचा रस्ता खडीचा, मामेभावाची गाडी फोर बाय फोर म्हणून निभावलं. दरीच्या कठड्याशी एक म्हातारे गृहस्थ लोकरीचे गालिचे विकत होते, काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे. मी पट्टीचा गिऱ्हाईक निघालो. घ्यायचा एक, बघितले वीस. काठ बघितला, ताणा मोजला, उलटून गाठी बघितल्या. म्हाताऱ्यानं ओळखलं. माझ्या बोटांकडं बघून हातानंच विचारलं, माग? मी मान हलवली. किंमत कमी केली नाही, खरं चहा पाजला.

रात्री पठारावर तंबू. थंडी अशी की पहाटे पाण्याची बाटली धरवेना. चौघं होतो: मी, मामेभाऊ, मागे सांगितलेला तो दोस्त आणि दोस्ताचा भाचा, वय तेवीस. ठरलेलं असं की साडेबारा वाजले की जिथं असू तिथून मागं फिरायचं. मी ती वेळ प्रत्येकाच्या मनगटावर बॉलपेननं लिहिली. हसले सगळे.

पावणेसहाला बॅटरीच्या उजेडात निघालो. पहिला तास झकास. मग ऊन आलं आणि डोंगर दिसला. सांगतो कसा. आपल्या सह्याद्रीत डोंगर बोलत असतो. पानं, किडे, कुठंतरी पाणी, गुराची घंटा. तिथं आवाजच नाही. थांबलो की कानात आपलंच रक्त वाजतंय. दोनदा शेळ्या दिसल्या, आमच्याकडं अशा बघत होत्या की आम्हीच त्यांच्या रानात चरायला आलोय.

दोन हजार मीटरच्या वर जुनिपर सुरू झाली. म्हातारी, वाकलेली झाडं. सावली आहे, खरं चाळणीतून गाळल्यासारखी. पावणेदहाला अशाच एका झाडाखाली परतीसाठी म्हणून दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या ठेवल्या. ओझं कमी करायला. कल्पना माझीच.

खाण्याचं एक सांगायचं राहिलं. इथून मोठ्या हौसेनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि कुंदा नेला होता. तोंडाला लाळ सुटायला अंगात पाणी लागतं हो! कडक भाकरीचा तुकडा तोंडात भुसा होऊन बसला. कुंदा टाळूला चिकटला तो दोन घोट पाणी घेऊनच उतरला. उपयोगी पडली ती मस्कतच्या बाजारातली संत्री आणि लिंबाचं गोड लोणचं. बोटानं चाटत चाललो.

साडेदहाला दोस्ताच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून उघडला. निघायच्या आधी चिकटवून घेतलेला होता. माझ्या खिशात नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ असतंच, धंद्याची सवय. तळव्याला आठ वेढे देऊन गाठ मारली. त्यात पंचवीस मिनिटं गेली, आणि पुढं तो पाय जपून टाकायला लागला, म्हणून दुसऱ्या पायावर भार. साडेअकराला डाव्या पोटरीत गोळा आला. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं.

साडेबारा वाजले तेव्हा माथा समोर होता. वरचे दगड वेगळे दिसत होते, इतका जवळ. मामेभाऊ म्हणाला, पाऊण तास. मी बाटल्या बघितल्या. माझ्याजवळ एक लिटर चारशे, दोस्ताजवळ नऊशे. मनगट पुढं केलं. तो म्हणाला, 'दादा, शाई पुसता येते.'

तो आणि भाचा वर गेले. मी दोस्ताला घेऊन मागं फिरलो.

झाडापाशी आलो, एक बाटली आम्ही घेतली, दुसरी त्यांच्यासाठी बुंध्याशी ठेवून वर दगड ठेवला. गाडीपाशी पोचलो पाच वाजून दहा मिनिटांनी. साडेपाचला सूर्य गेला. सहा झाले. साडेसहा. मोबाइलला रेंज यायची-जायची. ९९९९ हा तिथल्या पोलिसांचा नंबर मी टाइप करून ठेवला होता आणि अंगठा वर धरून बसलो होतो. सात वाजून पाच मिनिटांनी उतारावर एक उजेड दिसला. दोघांत एकच बॅटरी. भाच्याचे ओठ फाटलेले. त्यांनी शेवटचं पाणी तीनला प्यायलं होतं.

अल हमरापर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही. त्यांनी वरचा फोटो दाखवायला मोबाइल पुढं केला, मी काचेतून बाहेर बघत बसलो. अजून बघितलेला नाही.

कणकुंबीकर | ८ जानेवारी, सकाळी ६:५०

लिखाण एक नंबर. खरं दादा, राग नको. गोव्याहून विमान, व्हिसा, गाडी, तंबू, आणि माथा पाऊण तासावर! मी असतो तर गेलो असतो. भीमगडाच्या रानात आम्ही रात्र काढलीय वाट चुकून, काही झालं नाही.

सुळग्याची सून | ८ जानेवारी, सकाळी ९:१५

काही झालं नाही कारण तिथं ओढा होता. तुम्हीच मागे एका धाग्यात लिहिलं होतं, रात्रभर पाण्याचा आवाज ऐकत बसलो म्हणून.

कडकभाकरी | ८ जानेवारी, सकाळी ९:४०

माझ्या नावाची बदनामी केल्याबद्दल निषेध. भाकरी ताकात बुडवून खायची असते, डोंगरात नाही.

मस्कतचा पाव्हणा | ८ जानेवारी, दुपारी १:३०

येळ्ळूरवाट, परत फिरलात ते बरोबर. माझी अर्धवट राहिलेली फेरी पण अशीच, मी तर तासभर अलीकडून फिरलो.

खरं एक बोलतो. तुमची चूक साडेबाराची नाही, नऊ पंचेचाळीसची. पाणी झाडाखाली ठेवायला नको होतं. ओझं कमी झालं हे खरं, खरं तिथून पुढं तुमच्या चौघांचं पाणी तुमच्याजवळ नव्हतं, झाडाजवळ होतं. आणि पुढं मंडळी फुटली. मग झाड कुणाचं?

दुसरं, ९९९९ साडेसहालाच लावायला हवा होता. माणूस सापडला तर माफी मागता येते. लाज वाटते म्हणून आपण थांबतो.

येळ्ळूरवाट | ८ जानेवारी, दुपारी ४:०५

दोन्ही मान्य. नंबर लावला नाही तो लाजेनंच. वाटत होतं, आत्ता दिसतील, आत्ता दिसतील.

कणकुंबीकर, तुम्हाला एवढंच. परसगडावर काट्यानं मला सांगितलं होतं की तासाला सातशे मिली जातं. समोर साडेचार तासांची उतरण. गार हवेचं कमी धरलं तरी दोन लिटरच्या खाली येत नाही. माझ्या बाटलीत एक चारशे. आपल्याकडं हा हिशोब करायला लागत नाही म्हणून आपण करत नाही. माथा दिसला की पाय आपोआप तिकडं चालतात, ती सवय आहे, धाडस नाही.

मामेभाऊ हजर | ९ जानेवारी, रात्री १०:२०

मी तोच. दादानं लिंक पाठवली नाही, वहिनींनी पाठवली.

माझी बाजू लिहितो. माझ्याजवळ दोन लिटर होतं, मी किरकोळ अंगाचा, मला कमी लागतं. भाच्याजवळ दीड. एक वीसला माथ्यावर पोचलो. वर विशेष काही नाही. दगडांचा ढीग, बेफाम वारा, आणि समोर उत्तर शिखरावरचं लष्कराचं बांधकाम. वीस मिनिटं बसलो. तिथंच तर घोळ झाला, दहा मिनिटं बसायला हवं होतं.

उतरताना ऊन तिरकं होऊन समोरून यायला लागलं. चढताना जे पट्टे लांबून दिसत होते ते आता जवळ जाऊन पण दिसेनात, सगळा दगड पांढराफटक. एका पन्हळीत चुकीचे शिरलो, खाली कडा लागला, परत वर. पाऊण तास तिथं गेला. आणि ते झाड. दादा, मी शप्पथ सांगतो, मी सोळा झाडं बघितली. प्रत्येकाच्या बुंध्याशी दगड! त्या डोंगरात दगड सोडून दुसरं आहे काय? भाचा एका झाडाखाली बसला आणि म्हणाला, मामा, इथंच थांबू या का सकाळपर्यंत. तेव्हा मला भीती वाटली, त्याच्या आवाजाची. अंधार पडेपर्यंत त्याला धरून धरून आणलं.

शाईचं बोललो ते चुकलं. तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून इथं.

चिकोडीची डॉक्टरीण | ९ जानेवारी, रात्री १०:५०

तेवीस वर्षांचं पोर 'इथंच बसतो' म्हणालं, ते आळसानं नाही. डोकं नीट चालेनासं झाल्याची ती पहिली खूण. धरून आणलंत ते योग्य केलंत. नंतर त्याला लघवी कधी झाली, रंग कसा होता, आता कसा आहे?

मामेभाऊ हजर | ९ जानेवारी, रात्री ११:०५

रात्री दहाला, चहासारखी. ओआरएसचं दीड लिटर पाजलं होतं, घोट घोट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला आणि उठून बिर्याणी मागितली.

रामदुर्गची माहेरवाशीण | १० जानेवारी, सकाळी १०:००

बिर्याणी मागितली म्हणजे बरा आहे. येळ्ळूरवाट दादा, आता तरी फोटो बघा. मामेभावानं सगळ्यांसमोर चूक कबूल केलीय.

येळ्ळूरवाट | १० जानेवारी, रात्री ९:३०

बघितला. फोटोत वाऱ्यानं त्याचे केस उभे राहिलेत आणि भाच्याचे डोळे मिटलेत. मनगट कॅमेऱ्यासमोर धरलंय, त्यावर माझ्या अक्षरात साडेबारा. गाढव!

एक काम आहे. पाव्हणे, तुम्ही मस्कतातच आहात म्हणून विचारतो. ती दुसरी बाटली अजून तिथंच असणार. प्लॅस्टिक डोंगरात टाकून आलो हे मला खातंय. तुमच्या ओळखीत कुणी तिकडं जाणार असेल तर?

मस्कतचा पाव्हणा | ११ जानेवारी, सकाळी ७:००

मीच जायलोय, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी. खुणा सांगा. 'जुनिपरचं झाड' एवढ्यावर भागणार नाही, सोळा झाडांची गोष्ट वाचलीय.

येळ्ळूरवाट | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

खालून जाताना वाट एका सपाट दगडावरून जाते, त्या दगडाला मधोमध भेग आहे आणि पट्टा भेगेवरच रंगवलाय, म्हणून पिवळा एका तुकड्यावर आणि तांबडा दुसऱ्यावर. तिथून डाव्या हाताला तिसरं झाड. बुंधा दोन पदरी सुताला पीळ दिल्यासारखा, उजवीकडं वळलेला. खाली एक फांदी वाळून तुटलीय, तिच्या टोकाला मी निळ्या नायलॉनचा एक वेढा मारला होता. मामेभावाला हे सांगायचं राहून गेलं.

मामेभाऊ हजर | ११ जानेवारी, दुपारी १:१०

निळा दोरा होता???

मस्कतचा पाव्हणा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

मिळाली. भेगेचा दगड, तिसरं झाड, निळा दोरा, सगळं सांगितल्याप्रमाणं. बाटलीचं झाकण शेळ्यांनी चावून खडबडीत केलंय, फुटलेलं नाही. वरचा दगड बाजूला ढकललेला. पाणी जसंच्या तसं. दोरा पण सोडून आणलाय.

कडकभाकरी | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

पाण्याचं काय केलं?

मस्कतचा पाव्हणा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

दोन महिने उन्हात राहिलेलं प्लॅस्टिकमधलं पाणी, पिणार कोण? गाडीच्या वायपरच्या टाकीत ओतलं. अल हमरापर्यंत काच पुसत आलो.